सायकल कुरकुरते ती नेमकी कुठे?

सायकलचा आवाज ही आपल्याकडे किरकोळ बाब समजली जाते. कर्र कर्र, कट् कट् करीत माणूस कामावर जातो, तसाच परत येतो. फारच असह्य झाले की तेलाची बुधली काढून दिसेल तिथे तेल सोडतो. आवाज दोन दिवस दबतो आणि पुन्हा सुरू होतो. कारण तेल पडले एका जागी आणि दुखणे दुसऱ्याच जागी!

बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या पट्ट्यात एके काळी कारखान्यांच्या पाळीच्या वेळी सायकलींची रांग लागे. कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी सायकल गेलेली नाही. टॉवरचे वॉचमन, पेपर टाकणारी मुले, शाळेला जाणाऱ्या आपल्या मुली जुन्या आग्रा रोडवरून, बाळकुम नाक्यावरच्या ट्रकांच्या गर्दीतून सायकलनेच जातात. त्यात खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस. लोखंडाला गंज चढायला आणखी काय हवे? शिवाय मडगार्ड खडखडत असले की मागून येणाऱ्या डंपरची चाहूलही नीट लागत नाही. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर.

कारणाशिवाय काही घडत नाही, कारण दूर झाले की परिणामही थांबतो, ही तथागतांची शिकवण पेडलच्या कटकटीलाही लागू पडते. आणि कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे कालाम सुत्तातले सांगणे तर दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आठवावे असेच आहे. आमच्या वस्तीतील नववीच्या एका मुलीला एका दुकानात सांगितले गेले की चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलावे लागेल. घरकाम करणाऱ्या तिच्या आईला तो खर्च म्हणजे आठवड्याची भाजी. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही ती सायकल अंगणात घेतली आणि तपासायला तिलाच सांगितले.

पहिली परीक्षा सोपी. सपाट रस्त्यावर वेग घ्यावा आणि पाय थांबवावेत. आवाज थांबला तर दोष पेडल, क्रँक किंवा चेनमध्ये. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा मडगार्डमध्ये. (फ्रीव्हीलची टिक् टिक् सोडून द्यावी, ती असायचीच.) मग सीटवरून थोडे उठून पेडल मारावे. आवाज गेला तर सीटच्या स्प्रिंगा तपासाव्यात.

दुसरी परीक्षा मोजण्याची, आणि आम्हा हिशेबी माणसांना हीच अधिक आवडते. समजा, चेनव्हीलला ४४ दात आणि फ्रीव्हीलला १८ आहेत. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळपास अडीच फेरे घेते. चेनच्या कड्या ११० असतील तर चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला पेडलचे अडीच फेरे लागतात. तेव्हा पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज आला तर पेडल, क्रँक किंवा मधला बी.बी. एक्सल पाहावा. अडीच फेऱ्यांनी एकदा आला तर चेनची एखादी कडी अडकते आहे. पाय थांबवूनही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आला तर रिम ब्रेकला घासते आहे किंवा स्पोक सैल आहे.

मुलीने मोजले. प्रत्येक फेऱ्याला एक कट्, तोही उजवा पाय खाली जाताना. पेडल हाताने फिरवून पाहिले तर ठीक होते. क्रँक मात्र एक्सलवर किंचित हलत होता. म्हणजे कॉटर पिन! ही पाचरीसारखी पिन झिजली होती. पिन थोड्या पैशांत मिळते, पण तशीच सायकल चालवत राहिले तर क्रँकचे भोक खराब होते आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकवून नवी पिन हातोडीने बसवली, मग नट आवळला. नट आवळून पिन ओढायची नसते, आटे जातात. चेन आणि फ्रीव्हील अजून तेच आहे.

पेडल सैल असेल तर एक ध्यानात असू द्यावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवल्यावर घट्ट होते. पेडलमधून कर्र कर्र आली तर छर्रे पाहावेत. एक फुटला असेल तर त्या बाजूचे सगळे एकदम बदलावेत. चेन चीं चीं करीत असेल तर गंज पुसून प्रत्येक कडीला एकच थेंब तेल द्यावे आणि वरचे फडक्याने पुसून घ्यावे. गाडीचे जळके ऑइल ओतण्याची पद्धत वाईट, त्यावर धूळ बसून तीच चेन कापते. ब्रेक किंचाळत असेल तर रिमवर तेल उडाले आहे का ते पाहावे. तिथे तेल म्हणजे अपघात. आणि हे सगळे करण्यापूर्वी कॅरिअरवरच्या डब्यातला चमचा काढून पाहावा, पुष्कळदा तोच असतो.

मात्र पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली असता हँडलखाली टक् टक् लागली, तर तिथले बेअरिंग सैल आहे. उशीर करू नये. फोर्कवर किंवा फ्रेमच्या जोडावर रंग केसासारखा चिरलेला दिसला आणि त्यातून गंज डोकावत असला, तर ती सायकल दुकानापर्यंत हातात धरून न्यावी, बसून नव्हे.