पितळेचं पातेलं आणि बाळाचं यकृत

वर्षा-दीड वर्षाचं, तोवर चांगलं गुटगुटीत असलेलं मूल किरकिर करू लागतं, जेवण टाकतं, त्याचं पोट फुगतं. उजव्या बरगडीखाली हात लावला तर यकृत टणक लागतं. मग कावीळ चढते, पोटात पाणी होतं आणि काही महिन्यांत मूल जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या डॉक्टरांनी या आजाराची नोंद केली आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं तो ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावानं भारतीय मुलांचे बळी घेत राहिला. एकाच घरात पाठोपाठची भावंडं दगावत, म्हणून दोष रक्तात असावा असं अनेकांना वाटे. कुणी विषाणूकडं बोट दाखवलं, तर कुणी कुपोषणाकडं. आज हा आजार क्वचितच आढळतो. तो कशामुळं होत होता हे आज पुन्हा सांगायला हवं, कारण तांब्या-पितळेची भांडी ‘आरोग्यदायी’ म्हणून स्वयंपाकघरात परत येत आहेत.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्यानं रंगवून पाहिले, तेव्हा पेशींमध्ये तांब्याचे साठे दिसले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांमध्ये ते हजाराच्या घरात जाई. एवढं तांबं येतं कुठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८३ साली त्यांची मांडणी आली आणि १९८७ मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलनाही प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवण्याची रीत त्यांच्या घरांत कितीतरी जास्त होती.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा आमटी कळकते हे घरोघरच्या बायकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कल्हईवाला दारी येई. पण ही सावधगिरी आंबट पदार्थांपुरती होती. दूध आंबट नाही, त्यामुळं त्याची भीती कुणाला वाटली नाही. प्रत्यक्षात दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून धरतं आणि बाळाच्या पोटात नेतं. त्यात बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा मोठा साठा घेऊन येतं. आईच्या दुधात तांबं थोडंच असतं, ही निसर्गाची योग्य बेतानं केलेली सोय आहे. जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर पडतं, पण पहिल्या काही महिन्यांत ही वाट पुरती तयार झालेली नसते. नेमक्या त्याच काळात दिवसातून पाच-सहा वेळा असं दूध पाजलं, तर यकृताला सुटका कुठली?

इथं एक रास्त आक्षेप येतो. पिढ्यान् पिढ्या पितळ वापरलं गेलं, मग सगळीच मुलं आजारी का पडली नाहीत? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तरी तिथं मुलांमध्ये असे मृत्यू आढळले नाहीत. म्हणजे नुसतं तांबं पुरत नाही, काही मुलांच्या घडणीतच ते साठवण्याची प्रवृत्ती असावी, हे मान्य करायलाच हवं. पण त्यानं भांडं निर्दोष ठरत नाही. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशाच आजारानं १३८ लहान मुलं गेली. तिथं गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवत. आनुवंशिक प्रवृत्ती त्या कुटुंबांत होतीच, पण भांडी बदलली आणि आजार संपला. प्रवृत्ती आपल्या हातात नसते, भांडं असतं. तांबं हे कारण नसून यकृत बिघडल्याचा परिणाम असेल, असंही म्हटलं गेलं. पण तांबं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलॅमिन वेळेत दिल्यावर काही मुलं वाचली, हे त्या शंकेला मोठं उत्तर आहे.

आपल्याकडं आजार ओसरला त्याचं श्रेय एकट्या संशोधनाला देता येणार नाही. स्टील आणि अॅल्युमिनियम स्वस्त झालं, घासायला सोपं पडलं, म्हणून पितळ माळ्यावर गेलं. सोयीपोटी गेलेली वस्तू हौसेपोटी परत येऊ शकते, म्हणूनच मला या प्रश्नाची काळजी वाटते. मोठ्या, निरोगी माणसानं तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणं आणि तीन महिन्यांच्या बाळाला पितळेत तापवलेलं दूध पाजणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं. काही कारणानं वरचं दूध द्यावंच लागलं, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यावं आणि त्यासाठी स्टीलचंच भांडं वापरावं. पुढं पेज, खिमट, वरणाचं पाणी सुरू झालं तरी तेही स्टीलमध्येच शिजवावं. आजीचं पितळेचं पातेलं वापरायचंच असेल तर आतून कल्हई करून घ्यावी, ती झिजली की पुन्हा करावी आणि बाळाचं दूध मात्र त्यात ठेवू नये. बाहेरून तांब्याचा तळ असलेल्या स्टीलच्या पातेल्याची भीती नाही, कारण त्यात दुधाला फक्त स्टील लागतं.