कारंज्याकाठची बारा शिरे

शिल्पे पाहावयाची म्हणजे संग्रहालयात जावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. संग्रहालयात जाणारा मनुष्य कला पाहण्याच्या हेतूनेच तेथे गेलेला असतो. परंतु शिल्प जेव्हा भर चौकात उभे राहते, तेव्हा ते कचेरीकडे निघालेल्या कारकुनाला आणि खेळणाऱ्या मुलांनाही सामोरे जाते. इतकेच नव्हे, तर त्या जागेचा विसरलेला इतिहासही ते जागा करू शकते. याचे एक बोलके उदाहरण २०११ साली लंडन शहरात पाहावयास मिळाले.

थेम्स नदीच्या काठी सॉमरसेट हाऊस नावाची भव्य वास्तू आहे. तिचे बांधकाम १७७६ साली विल्यम चेंबर्स या वास्तुशिल्पज्ञाने सुरू केले. तरुणपणी व्यापारी जहाजावर नोकरीस असताना चेंबर्सने चीनमधील कँटन बंदर पाहिले होते. लंडनच्या क्यू उद्यानातील प्रसिद्ध चिनी मनोरा त्यानेच उभारला. सॉमरसेट हाऊसच्या मध्यभागी विस्तीर्ण फरसबंदी चौक असून त्यात जमिनीतून उसळणारी ५५ कारंजी आहेत. या चौकात कोणीही यावे, बसावे, मुलांनी पाण्यात बागडावे.

१२ मे २०११ रोजी या चौकात ब्राँझची बारा प्रचंड शिरे प्रकट झाली. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर ही चिनी वर्षचक्रातील बारा प्राण्यांची शिरे होती. खांबासह प्रत्येकाची उंची सुमारे तीन मीटर. त्यांचा कर्ता होता १९५७ साली जन्मलेला चिनी कलावंत आय वेईवेई.

ही शिरे त्याने केवळ कल्पनेने घडविली नव्हती. अठराव्या शतकात चिएनलोंग बादशहाने पेकिंगजवळील युआनमिंगयुआन या राजोद्यानात एक विलक्षण जलघटिका करविली होती. प्राचीन चिनी कालगणनेत दिवसाचे बारा भाग असत. त्या बारा भागांचे बारा प्राणी जलाशयाकाठी बसविलेले होते. देह माणसाचा, शिर प्राण्याचे. ज्याची वेळ येई त्याच्या मुखातून दोन तास पाणी उडे, आणि भर मध्यान्ही बाराही मुखांतून एकदम धारा सुटत. या शिरांची कल्पना ज्युसेप्पे कास्तिल्योने या इटालियन चित्रकाराची, तर पाण्याची यंत्ररचना मिशेल बनुआ या फ्रेंच धर्मोपदेशकाची होती.

पुढे इंग्रज व फ्रेंच यांनी चीनशी दुसरे अफूचे युद्ध केले. या अफूचा आपल्या देशाशीही संबंध होता. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. १८६० च्या ऑक्टोबरात विजयी फौजांनी युआनमिंगयुआन लुटले. वाटाघाटीसाठी गेलेल्या आपल्या माणसांना चिनी अधिकाऱ्यांनी कैद केले व त्यांतील अनेक मरण पावले, म्हणून सूड घेण्यासाठी लॉर्ड एल्गिनने ते राजोद्यान जाळण्याचा हुकूम दिला. हाच एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशाला येथे मरण पावला. जलघटिकेवरील बारा शिरे मात्र जगभर विखुरली गेली.

आय वेईवेईने आपली शिरे घडविली तेव्हा मूळ शिरांपैकी सातच जगाला ठाऊक होती. ती सातही आता चीनमध्ये परत गेली आहेत. आय वेईवेईने या सातांचा आकार वाढवून त्यांची नवी रूपे केली आणि उरलेली पाच स्वतःच्या कल्पनेने निर्मिली. त्याचा प्रश्न मार्मिक आहे. इटालियन माणसाने योजलेली, फ्रेंच माणसाने पाण्याशी जोडलेली आणि मांचू वंशाच्या बादशहासाठी घडलेली ही शिरे चीनचा राष्ट्रीय ठेवा कशी ठरली? ज्या देशाच्या सैन्याने ते उद्यान जाळले, त्याच देशाच्या राजधानीत हा प्रश्न उभा राहिला होता. पाहणाऱ्यास तो टाळता येण्यासारखा नव्हता.

प्रदर्शनाच्या उद्घाटनास कलावंत मात्र उपस्थित नव्हता. २००८ साली सिचुआन प्रांतात भीषण भूकंप होऊन अनेक शाळा कोसळल्या होत्या. त्यांत मरण पावलेल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नावे आय वेईवेई व त्याच्या साहाय्यकांनी घरोघर हिंडून गोळा केली आणि शाळांच्या इमारती अशा कच्च्या का, असा जाब सरकारला विचारला. ३ एप्रिल २०११ रोजी त्याला पेकिंगच्या विमानतळावर अटक झाली. सरकारने आर्थिक गुन्ह्यांचे कारण सांगितले. अनेक देशांतील कलावंतांनी मात्र ही निर्भीड बोलण्याची शिक्षा मानली. ८१ दिवसांनी, २२ जून रोजी, त्याची सुटका झाली. लंडनमधील प्रदर्शन त्यानंतर चारच दिवसांनी संपले. देशाबाहेर जाण्याचा परवाना त्याला परत मिळावयास २०१५ साल उजाडावे लागले.

त्या सहा आठवड्यांत लंडनच्या चौकातून नित्याप्रमाणे माणसे येत-जात होती. कित्येकांना त्या शिरांचा इतिहास ठाऊकही नसेल. मुलांना ती केवळ मौजेची वाटली असतील. पण एखाद्याने थांबून 'ही येथे कशी आली?' एवढे विचारले, तरी त्याला दीडशे वर्षांपूर्वीच्या लुटीपासून एका कोठडीपर्यंतची हकीकत ऐकावी लागे. शिल्पांचा कर्ता बंदिवासात होता. त्याची शिल्पे मात्र उघड्या आकाशाखाली, जो कोणी येईल त्याच्यासाठी उभी होती.