नागपुरी संत्रा, वरूडची माती

पुण्या-मुंबईत कुणी ‘मी विदर्भातला’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : नागपूरचे का? कामरगावच्या माणसाला या प्रश्नाचं हसू येतं. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या या गावाचा नागपूरशी रोजचा संबंध बेताचाच. बारावीचा निकाल अमरावती बोर्डाचा, पदवीवर नाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं, विभागीय आयुक्तही अमरावतीलाच. दुखणं मोठं निघालं की लोक अमरावती धरतात, नाहीतर अकोला. गाड्यांच्या पाट्या पाहिल्या तरी हेच दिसतं. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या गाडीवर अकोल्याचा ३० आणि नव्या गाडीवर वाशीमचा ३७. मध्येच नागपूरचा ३१ दिसला, तर कुणाकडे तरी पाहुणे आलेत असं समजावं.

तरी नागपूर सुटत नाही. जमिनीच्या मोबदल्याचा दावा वर गेला की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभं राहावंच लागतं.

मग अकरा जिल्ह्यांच्या विदर्भाचं शहर म्हणून नाव कोणाचं घ्यायचं? आकड्यांत भांडणाला जागा नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर, अमरावतीची साडेसहा लाखांच्या आत, अकोल्याची सव्वाचार लाख. पण आकारानं मोठं असणं वेगळं आणि मुलखासारखं असणं वेगळं.

या भागाला दोन गाद्यांची सवय जुनी आहे. वाकाटकांची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला होती, तर दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला. अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्याचं नाव जोडलं जातं तो हरिषेण वाशीमच्या शाखेचा. पुढे वऱ्हाड निजामाकडे आणि नागपूर भोसल्यांकडे राहिलं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारसाविना वारले आणि नागपूरही खालसा झालं. एकाच मालकाच्या हाती येऊनही दोघांचे कारभार पन्नास वर्षं वेगळेच चालले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि वऱ्हाडी माणसाचे अर्ज नागपूरला जाऊ लागले. आमच्या कापसाचा पैसा मध्य प्रांतात मुरतो, ही कुरकुर तेव्हापासूनची.

कापूस मात्र नागपूरकडे पाहत नव्हता. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश कंपनीनं कापसासाठीच टाकली. गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या आणि मोठ्या लाइनीनं थेट मुंबई गाठायच्या. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणायचे ते या पांढऱ्या सोन्याच्या जोरावर. त्यातून अमरावती उभी राहिली, इतकी की १८९७ चं काँग्रेसचं अधिवेशन तिथं भरलं. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालत होती खरी. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची गाठ पडायची ती आपल्या जिनाशी आणि अडत्याशी.

जेवणातही हाच फरक. नागपूरचं म्हणून जगाला ठाऊक झालं ते सावजीचं तर्रीदार मटण, हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेलं. वऱ्हाडात पंगत बसते ती रोडग्यांची. कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, हातानं फोडून वर तूप सोडायचं. सोबतीला वांग्याची भाजी आणि वरण. हा बेत हॉटेलात मागवून जमत नाही, त्याला शेत आणि चार घरची माणसं लागतात.

संत्र्याची गंमत तर याहून मोठी. फळाला नाव नागपूरचं, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही त्याच नावानं मिळालं; पण वरूड-मोर्शीकडे जाऊन बागा मोजायला लागलं की दिवस मावळतो, आणि हे दोन्ही तालुके अमरावती जिल्ह्यातले. नागपूरचं विदर्भाशी नातं बरंचसं असंच आहे : पिकतं एकीकडे, शिक्का बसतो दुसरीकडे. उलटी उदाहरणंही आहेत. अकराही जिल्ह्यांचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे, आणि बियाणं घ्यायचं तर शेतकरी ‘पीकेव्ही’चं नाव घेतो.

एवढं असूनही अमरावतीला अख्ख्या विदर्भाचं शहर म्हणवत नाही. ती पुरती वऱ्हाडाची. भंडारा-गोंदियाची तळी, धानाच्या बांध्या, झाडीबोली, गडचिरोलीचं जंगल यांतलं तिच्यात काहीच नाही. नागपूरचा खरा दावा इथं सुरू होतो, आणि नवल म्हणजे तो दावा नागपूर स्वतः क्वचितच करतं. त्याच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला काटोल-नरखेडकडे संत्रा आणि कापूस, पूर्वेला मौदा-रामटेककडे धान. दोन मुलूख जिथं एकमेकांना लागतात, तिथं हे शहर बसलंय. शिवाय दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली आणि तेव्हापासून वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या गावागावांतून माणसं तिथं जातात. तिथं गेल्यावर नागपूर कुणाला परकं वाटत नाही. मेट्रो, मिहान, उड्डाणपूल हे सगळं नागपूरनं खुशाल मिरवावं. प्रतिनिधीपण मात्र त्याला दीक्षाभूमीनं आणि धान-कापसाच्या सीमेनं दिलंय.

एक मागणी मात्र राहते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी हिवाळ्यात नागपूरला भरतं आणि त्यात पश्चिम विदर्भाच्या सिंचनाच्या अनुशेषावर चर्चा होते. समृद्धी महामार्ग आता कारंजा तालुक्यातून जातो. आमदारांनी त्या थंडीत एक दिवस काढावा, कारंजाला खाली उतरावं आणि कामरगावच्या शिवारात तूर-कपाशीला पाणी कुठून येतं ते बघून जावं.