काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

दिवाणखान्यात मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना मासे दाखवायला नेणे हा कित्येक कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम होऊन बसला. पुढे गोड्या पाण्यातले गोल्डफिश घरोघर आले. आता काही हौशी मंडळींनी खाऱ्या पाण्याची टाकीही मांडली आहे. निळ्या उजेडात डुलणारा नारिंगी क्लाउनफिश पाहून पाहुणे खूष होतात. पण दोन-तीन महिने लोटतात न लोटतात तोच टाकीत तपकिरी पूड, हिरवे केस आणि तांबडी साय यांचे राज्य सुरू होते, आणि यजमान पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवू लागतात!

कित्येक टाक्या याच टप्प्यावर मोडीत निघतात. पैसा जातो तो जातोच, पण समुद्रातून धरून आणलेले मुके जीवही त्यात जातात. आणि गंमत अशी, की त्यांना मारते ते बहुधा शेवाळ नव्हे. मारते ती आपली स्वच्छतेची घाई.

टाकीतला हिशेब साधा आहे. आपण जे खाणे घालतो, त्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. तो विषारी. वाळूच्या कणाकणावर आणि खडकांवर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट आणि खाण्यातले फॉस्फेट ही खात्यावरची शिल्लक. शेवाळ वाढते ते तिच्यावर. दिवाळीच्या साफसफाईच्या भरात कुणी सगळी वाळू उपसून नळाखाली खळखळून धुतली, तर ती वसाहतच धुऊन जाते, अमोनिया चढतो आणि मासे दगावतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच!

शेवाळाचा रंग पाहून पुष्कळ कळते. नव्या टाकीतली तपकिरी पूड म्हणजे डायटम. पाण्यातली सिलिका संपली की ती आपोआप ओसरते. तिच्यासाठी जिवाचा आटापिटा नको. हिरवे केस म्हणजे खाणे फार आणि उजेडही फार. वाळूवर पसरणारी तांबडी साय तर खरे शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू. पाण्याचा प्रवाह जिथे मंदावतो, तिथे ते हटकून जमतात. आणि बुडबुडे धरून लोंबणारे तपकिरी तंतू दिसले, तर ते डायनोफ्लॅजेलेट असण्याचा संभव मोठा. हे पुष्कळदा नायट्रेट व फॉस्फेट पार शून्यावर आणलेल्या टाकीतच माजतात. अति तेथे माती, हे स्वच्छतेलाही लागू आहे.

वाळूचेही एक शास्त्र आहे. चौपाटीवरची वाळू आणू नये. तिच्याबरोबर चौपाटीची घाणही घरी येते. दुकानात मिळणारी पांढरी, चुनखडीची वाळू बरी. तिचा थर एक-दोन इंचांचा ठेवावा, म्हणजे नळीने गाळ ओढून काढता येतो. मात्र एका आठवड्यात एकच भाग साफ करावा. चार इंचांहून जाड थरात तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जीवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. पण असा जुना थर एकाएकी ढवळला, तर कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून आणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

मग करावे काय? मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घालावे. मीठ कालवायला नळाचे पाणी न घेता आर.ओ.चे घ्यावे. बाष्पीभवनाने पाणी घटले, तर भर गोड्या पाण्याचीच घालावी, कारण वाफ होते ती पाण्याची; मीठ टाकीतच राहते. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर आणि दिवा आठ तासच असावा. केस हाताने उपटावेत, साय नळीने ओढावी.

आणि शेवटी गोगलगायी. 1850 साली लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी निवळले. ती टाकी गोड्या पाण्याची होती, पण धडा खाऱ्या पाण्यालाही तोच. समुद्री गोगलगायी शेवाळ आवडीने खातात. मात्र आपण खाणे घालतच राहिलो, तर त्या बिचाऱ्या तरी किती पुऱ्या पडणार?

पाडव्याला वहीपूजन करताना व्यापारी आधी मागची बाकी पाहतो. टाकीवाल्यांनीही तेच करावे. शेवाळ हे वसुलीला आलेले बिल आहे. ते फाडून देणे फिटत नाही. खर्च आटोक्यात आणावा आणि दोन-तीन महिने धीर धरावा, म्हणजे पाहुण्यांना पुन्हा दिवाणखान्यात बसवता येईल.