घरचा दवाखाना (भाग 7) : शिरेत, स्वतःच्या हाताने

गेल्या आठवड्यात आपण इन्सुलिनचं पेन हाताळलं. तिथे सुई पोटाच्या चरबीत जाते. जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी औषध हळूहळू रक्तात उतरतंच. आज सुई शिरेत जाणार आहे. शिरेत गेलेलं औषध मिनिटाच्या आत हृदयातून फिरून सगळ्या अंगात पोचतं आणि मग ते परत काढून घेता येत नाही. म्हणून शिरेतून औषध द्यायचं काम सिस्टरचं किंवा डॉक्टरचं, असं आपण धरून चालतो आणि ते बरोबरच आहे. तरीही एका आजारात रुग्णाने हे काम स्वतः शिकावं, असं डॉक्टरच सांगतात. तो आजार म्हणजे हिमोफिलिया.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, नाहीतर लेखाचा भलताच अर्थ निघेल. आपल्याकडे गावोगाव ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ म्हणायची पद्धत आहे. ओळखीचा कंपाउंडर घरी येतो, खुंटीला बाटली टांगतो, चारशे-पाचशे रुपये घेतो. त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच टक्क्यांचं ग्लुकोज असेल तर 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 कॅलरी. एका भाकरीतून याहून जास्त मिळतात. साधं सलाईन असेल तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. जो माणूस तोंडाने पिऊ-खाऊ शकतो त्याच्या शिरेत हे ओतण्यात शहाणपण काहीच नाही. वर त्यात कुणी अँटिबायोटिक मिसळलं आणि त्याची अ‍ॅलर्जी निघाली, तर खुंटीपाशी उभ्या असलेल्या त्या कंपाउंडरकडे करण्यासारखं फारसं काही नसतं. आजचा विषय तो नव्हे.

हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन जन्मापासून कमी असतं. त्याला फॅक्टर म्हणतात. आठ नंबरचा कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’, नऊ नंबरचा असेल तर ‘बी’. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला ‘ए’ असतो. ‘बी’ त्याहून बराच विरळ. आजार बहुतेक आईकडून मुलाला येतो, म्हणून ‘मामालाही असंच होतं’ हे वाक्य या घरांमध्ये ऐकू येतं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच नसतो. त्यामुळे सुनेला बोल लावायची घाई करणाऱ्यांनी जरा थांबावं.

लोकांना वाटतं, या मुलांना खरचटलं की रक्त थांबतच नाही. खरचटणं ही छोटी गोष्ट आहे. खरं रक्त आत वाहतं. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात. मुलं त्याला ‘गुडघा भरला’ म्हणतात. सूज दिसायच्या आधीच त्या सांध्यात मुंग्या येतात, ऊब जाणवते, आखडल्यासारखं होतं. हे बाहेरून कुणाला कळत नाही, फक्त त्या मुलाला कळतं. त्या वेळी फॅक्टर शिरेत गेला तर गुडघा भरतच नाही. सहा-आठ तास गेले तर सांधा नारळासारखा टणक होतो, मूल पंधरा दिवस पाय टेकवत नाही, आणि असं वारंवार झालं की विशी गाठायच्या आत तो सांधा खराब होतो.

आता नकाशा बघा. समजा, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याला चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. रात्री दोनला त्याच्या घोट्यात मुंग्या सुरू झाल्या. भीमा ओलांडली की दौंड तालुका, तिथून पुढे चौफुला, मग सोलापूर रस्त्याने यवत, उरुळी कांचन, हडपसर. किंवा न्हावऱ्यावरून शिरूरला येऊन नगर रस्त्याने रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली. शिरूर गावापासून पुणं सत्तरेक किलोमीटर, दौंडापासूनही जवळपास तेवढंच. ऊस गाळपाचा हंगाम असेल तर पुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि वाघोलीत शिरायच्या आत उजाडलेलं. पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळतो, ही मोठीच सोय आहे. पण औषध मोफत असलं तरी वेळ मोफत मिळत नाही. शिरूर आणि दौंडच्या मुलाचा सांधा अनेकदा रस्त्यातच खराब होतो. फॅक्टरची कुपी घरच्या फ्रीजमध्ये आणि सुई धरायची कला घरच्या हातात असेल, तर तो रस्ता पंधरा मिनिटांचा होतो.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात इंगा मारी निल्सन यांनी 1958 मध्ये रक्तस्राव होण्याची वाट न बघता मुलांना ठरावीक दिवशी फॅक्टर द्यायला सुरुवात केली. 1960 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला की तळाशी आठ नंबरचा फॅक्टर साचतो, हे दाखवलं. मग कुपीतली कोरडी पूड आली आणि 1970 च्या दशकात तिकडची मुलं घरी औषध घेऊ लागली. त्यानंतरची दहा वर्षं भयानक गेली. हजारो लोकांच्या प्लाझ्मातून बनलेल्या त्या कुप्यांतून एचआयव्ही आणि कावीळ पसरली. आज प्लाझ्मातल्या फॅक्टरमधले विषाणू निष्क्रिय केलेले असतात आणि काही फॅक्टर तर रक्ताशिवाय, पेशींकडून बनवून घेतात. आपल्याकडे स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी 1983 मध्ये दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशन उभी केली. तिची शाखा पुण्यातही आहे आणि पालकांची पहिली विचारपूस बरेचदा तिथेच होते.

आता हाताचं काम. हे वाचून कुणी घरी सुई उचलायची नाही. पहिले बरेच डोस रुग्णालयातच घ्यायचे, कारण अ‍ॅलर्जी असेल तर ती सुरुवातीलाच दिसते, आणि ‘बी’ प्रकारात तर जास्तच जपावं लागतं. सिस्टरच्या नजरेखाली आई किंवा वडील शिकतात. दहा-बारा वर्षांचं झालं की मूल स्वतः शिकतं. मी इथे सांगतो ते एवढ्यासाठी, की शिकताना काय चाललंय ते समजावं.

कुपी फ्रीजमधून काढून थंडपणा जाऊ द्यायचा. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवायची नाही. हात साबणाने धुवायचे. कुपीवरचं युनिट आणि मुदत वाचायची. रबरी बुचं स्पिरिटने पुसून वाळू द्यायची. पुसल्यावर फुंकर मारायची नाही, तोंडातले जंतू तिथेच बसतात. पाण्याची कुपी जोडणीने पुडीच्या कुपीवर उलटी बसवली की आतली पोकळी पाणी स्वतःच ओढून घेते. मग कुपी हातात फिरवायची. हलवून घुसळायची नाही. हे प्रथिन आहे, ताकासारखं घुसळलं तर फेस होतो आणि काही औषध त्यातच जातं. पाणी नितळ हवं. गढूळ असेल किंवा कण दिसले तर ती कुपी वापरायची नाही, परत न्यायची. विरघळल्यावर ते फार वेळ ठेवायचं नाही, कंपनीने दिलेल्या मुदतीत, बहुधा तीन तासांच्या आत, घ्यायचं.

शीर शोधणं हा खरा भाग. बटरफ्लायची बारीक सुई, रबरी पट्टा, आणि धीर. डिसेंबरच्या पहाटे शिरा आत बसतात. तेव्हा हात कोमट पाण्यात धरायचा, दोन भांडी पाणी प्यायचं, मूठ उघडझाक करायची. सुईचा तिरका कापलेला भाग वर, सुई कातडीशी आडवी, पंधरा ते तीस अंशात. नळीत रक्त दिसलं की पट्टा सोडायचा. पट्टा न सोडता औषध ढकलणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. मग सावकाश, काही मिनिटं घेऊन औषध द्यायचं. टोचलेल्या जागी फुगवटा आला, जळजळ झाली, म्हणजे सुई शिरेबाहेर आहे, थांबायचं. लाल भडक रक्त ठोके देत येऊ लागलं तर ती धमनी आहे: सुई काढायची, दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, फोन लावायचा. दोनदा सुई चुकली की तिसऱ्यांदा स्वतः टोचायचं नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरकडे कुपी घेऊन जायचं. हट्टाने शिरा वाया जातात आणि त्या जन्मभर पुरवायच्या असतात.

हवेच्या बुडबुड्याची भीती सगळ्यांना असते, ती सिनेमाने घातली आहे. नळीतली हवा औषधाने बाहेर ढकलून मगच सुई टोचायची, हे बरोबर. पण एखादा मोहरीएवढा बुडबुडा गेला म्हणून कुणी मरत नाही. भ्यायचं तर जंतूंना भ्या.

सुई निघाली की कापसाचा बोळा पाच मिनिटं दाबायचा, हात कोपरात न दुमडता.

हिशेब डॉक्टरच करून देतात, पण समजून घ्यावा. आठ नंबरच्या फॅक्टरचं वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. 40 किलोच्या मुलाला 800 युनिट दिले, म्हणजे पातळी 40 टक्क्यांनी वर. पण आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं. म्हणून मोठ्या रक्तस्रावाला दुसरा डोस लागतो. कुपीत थोडं उरलं म्हणून टाकून द्यायचं नाही. डोस बहुधा पूर्ण कुपीपर्यंत वाढवला जातो.

फ्रीजची अडचण आपल्या भागात वेगळी आहे. फॅक्टर 2 ते 8 अंशांत ठेवायचा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठला की वाया गेला. लाईट जाणं काही नवं नाही. गेली की फ्रीज उघडायचा नाही, आणि लांबलं तर थर्मासमध्ये बर्फ, मध्ये कापडाचा पदर, मग कुपी. काही कंपन्यांचा फॅक्टर काही महिने साध्या तापमानातही टिकतो. पण एकदा बाहेर काढला की परत फ्रीजमध्ये ठेवायचा नाही आणि काढल्याची तारीख खोक्यावर लिहायची.

डोक्याला मार लागला, मान-पोट दुखू लागलं, लघवीतून रक्त गेलं, तर घरच्या डोसवर विसंबायचं नाही. आधी फॅक्टर घ्यायचा, मग लगेच रुग्णालयाकडे निघायचं. वाटेत ‘दुखतंय म्हणून’ कमरेवर इंजेक्शन घ्यायचं नाही. स्नायूत टोचलेली सुई या मुलांना नवा रक्तस्राव देते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको, पॅरासिटामॉल चालतं. तेल लावून मालिश करणाऱ्या आजीलाही आवरावं लागतं. गुडघा भरला असेल तर बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, पाय उंच ठेवायचा, बस्स.

औषध नेहमीसारखं लागू होत नाही असं वाटलं, तर ते ‘सवयीचं झालं’ म्हणून सोडू नका. गंभीर ‘ए’ प्रकारच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत शरीर फॅक्टरलाच परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवतं. ते रक्ततपासणीतच कळतं. इथेच डायरी उपयोगी पडते. कुपीवरचं चिकटपट्टीचं लेबल सोलून वहीत चिकटवायचं, शेजारी तारीख, वेळ, कुठला सांधा, किती वेळाने उतरलं. वही नीट ठेवणाऱ्या घराला पुढच्या कुप्याही लवकर मिळतात, हा माझा अंदाज. रुग्णालयालाही औषध कुठे गेलं ते दाखवायचं असतंच.

2017 मध्ये एमिसिझुमॅब नावाचं औषध जगात आलं आणि आता आपल्याकडेही आहे. ते कातडीखाली घेतात, आठवड्याने किंवा महिन्यानेही, शीर न शोधता. रक्तस्राव टाळायला ते आहे. सुरू झालेला थांबवायला नाही. ‘बी’ला तर चालतच नाही. तेव्हा फ्रीजमधली कुपी अजून काही वर्षं तरी हलणार नाही.

राहिली वापरलेली सुई. तिला टोपण परत लावायचं नाही, बोटाला टोचण्याच्या घटना तिथेच घडतात. सुई थेट जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत. ही बरणी घंटागाडीत टाकायची नाही आणि उकिरड्यावर तर मुळीच नाही, तिथे कुणीतरी भंगार वेचणारं मूल हात घालतं. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून पुढच्या खेपेला ती रुग्णालयात द्यायची, वहीबरोबर, रिकाम्या कुप्यांबरोबर.

पुढच्या आठवड्यात : घरचा ऑक्सिजन.