चित्रकाराचं स्वतःचं आवडतं पुस्तक

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी आयुष्यभर चित्रं काढणाऱ्या माणसाला विचारलं, की बाबा, तुझं स्वतःचं आवडतं काम कोणतं, तर तो काय सांगेल? आपल्याला वाटतं, सगळ्यात गाजलेलं पुस्तक सांगेल. पण पुष्कळदा तसं होत नाही. का होत नाही, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

दोघेही अमेरिकेत जन्मलेले, वयात वर्षाचं अंतर. मॉरिस सेंडाक १९२८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मले. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. एरिक कार्ल १९२९ साली सिरॅक्यूज गावात जन्मले. त्यांचे आईवडील जर्मन.

आधी सेंडाक. त्यांचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ जगभर गेलं. त्याची गंमत अशी, की आधी पुस्तकात राक्षस नव्हतेच, रानटी घोडे होते. पण घोडे काही नीट जमेनात! मग त्यांना आठवले रविवारी घरी जेवायला येणारे मामा-काका-मावश्या. गालगुच्चे घेणारे, दात पुढे करून ‘खाऊन टाकू का तुला’ म्हणणारे. तेच नातेवाईक पुस्तकात राक्षस होऊन आले. आपल्यातल्या प्रत्येकाला असा एखादा काका असतोच. (हशा)

पण मनाच्या सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणून ते नाव घ्यायचे १९८१ च्या ‘आउटसाइड ओव्हर देअर’चं. गोष्ट अशी. बाबा समुद्रावर गेलेत, आई हरवल्यासारखी बसलीय, आणि आयडा नावाची मुलगी तान्ह्या बहिणीला सांभाळतेय. ती शिंग वाजवण्यात रमते, तिची पाठ वळते, तेवढ्यात खिडकीतून काही बुटके येतात, बाळ पळवतात आणि तिथे बर्फाचं बाळ ठेवून जातात. आयडा त्याला कुशीत घेते आणि ते वितळायला लागतं.

हे आलं कुठून? १९३२ साली प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचं तान्हं बाळ घरातून पळवलं गेलं. पुढे ते मृतावस्थेत सापडलं. सेंडाक तेव्हा चार वर्षांचेही नव्हते, सतत आजारी असायचे. बाळाच्या मृतदेहाचा फोटो आपण वर्तमानपत्रात पाहिला, असं ते सांगत. घरचे मात्र म्हणत, असा फोटो नव्हताच. पोराच्या मनात हिशोब सोपा होता: एवढ्या श्रीमंत माणसाचं बाळ वाचत नाही, तर माझं काय? आणि त्यांना प्रत्यक्षात सांभाळत होती त्यांची मोठी बहीण. आता पुस्तक पुन्हा उघडा. आयडा जाते आणि बाळाला घेऊन परत येते. जे १९३२ साली झालं नाही, ते सेंडाकनी जवळजवळ पन्नास वर्षांनी कागदावर घडवून आणलं.

आता कार्ल. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९, तो खादाड सुरवंट बऱ्याच घरांत असेल. पण आवडतं पुस्तक विचारलं की ते सांगत ‘डू यू वाँट टू बी माय फ्रेंड?’, १९७१. जवळजवळ शब्दच नाहीत त्यात. एक छोटा उंदीर एकेका शेपटीमागे जातो. पान उलटलं की शेपटीचा मालक दिसतो: घोडा, मगर, सिंह. प्रत्येकाला विचारतो, मित्र होशील का? शेवटी दुसरा उंदीर भेटतो.

कार्ल सहा वर्षांचे असताना, १९३५ साली, आईवडील त्यांना घेऊन जर्मनीत परतले. सवंगडी मागे राहिले, नवी शाळा, नवी भाषा. मैत्रीचा प्रश्न घेऊन अनोळखी जगात फिरणारा तो उंदीर कोण, हे वेगळं सांगायला नको. आणि त्यांच्या पुस्तकांत एवढे किडेमुंग्या का? वडील त्यांना रानात न्यायचे, दगड उचलून खालचे जीव दाखवायचे, मग दगड हळूच परत ठेवायचे. पुढे युद्धात वडील सैन्यात गेले आणि रशियनांच्या कैदेतून खंगून परतले. लहान जिवांवर लिहून आपण वडिलांचा मान राखतो, असं कार्ल म्हणत.

इथे एक काळजी घ्यायला हवी. चित्रकार जे सांगतो ते पुष्कळदा वर्षांनंतर आठवून सांगतो. म्हणून त्याचं म्हणणं चित्राची किल्ली समजू नका. लिंडबर्गचं नावही न ऐकलेलं मूल बर्फाचं बाळ पाहून दचकतंच. नुकती शाळा बदललेल्या मुलाला शेपटीमागे जाणारा उंदीर समजतोच. खाजगी आठवण चित्रात अशी विरघळली पाहिजे, की ती माहीत नसलेल्यालाही तिची ऊब लागावी किंवा भीती वाटावी.

मग आवडतं पुस्तक वेगळं का निघतं? गाजलेलं पुस्तक वाचकांचं होऊन जातं. हे दुसरं मात्र चित्रकाराने आधी स्वतःतल्या लहान मुलासाठी काढलेलं असतं. आज घरी गेल्यावर मुलांचं एखादं जुनं पुस्तक काढा आणि कोण कोणाला शोधतंय, कोण कोणाला सांभाळतंय, एवढंच पाहा. चित्रकार बहुतेक तिथेच कुठेतरी उभा असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.