बिनसनदी लॉर्डाची जागा

सर्कसवाल्यांच्या आत्मचरित्रांचा मला जुना नाद आहे, आणि त्या नादापायीच 'लॉर्ड' जॉर्ज सँगर या इसमाशी, व त्याच्यामार्फत इंग्लंडच्या केंट परगण्यातील मार्गेट या समुद्रकाठच्या गावाशी, माझा परिचय झाला. जिथे पुढे 'ड्रीमलँड' हे क्रीडोद्यान उभे राहिले तिथे आधी एका रेल्वे कंपनीचे निरुपयोगी स्थानक होते. त्याचे करमणूकगृह झाले, आणि १८७० नंतरच्या दशकात ते सँगरच्या हाती आले. मागील अंगास गॉथिक धर्तीच्या भिंती उठवून त्याने प्राणिसंग्रह थाटला; त्यातील पिंजऱ्यांचे अवशेष आजही सरकारी संरक्षणाखाली आहेत.

आता ही लॉर्डपदवी. १८८७ साली बफेलो बिल कोडी आपले खेळ घेऊन लंडनला आला, सँगरने त्याच्याच नावाचा देखावा आपल्या सर्कशीत लावला, आणि कज्जा कोर्टात गेला. तिथे प्रतिपक्षाचा उल्लेख उठल्याबसल्या 'ऑनरेबल' असा होऊ लागला, तेव्हा तो ऑनरेबल तर मी लॉर्ड, असे आपण ठरवून टाकले, हे सँगर १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात सांगतो. ज्याचा सारा धंदाच अतिशयोक्तीवर चालला त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी हा प्रश्न आहेच. मला मात्र ती खरी वाटते, कारण इतकी पोरकट ईर्ष्या कोणी मुद्दाम रचून स्वतःच्या नावावर खपवीत नाही. पुढच्याच वर्षी राहत्या जागी झालेल्या हल्ल्यात तो मेला. त्याचे दफन मार्गेटलाच झाले.

१९१९ साली प्राणिसंग्रहाची ही जागा जॉन हेन्री आइल्स या पितळी वाद्यांच्या बँडसाठी वेड्या झालेल्या गृहस्थाने घेतली, आणि अमेरिकेतील कोनी आयलंडच्या धर्तीवर १९२० मध्ये लाकडी 'सीनिक रेल्वे' सुरू केली. तिची गाडी तारदोराने चढावर ओढली जाते. उतारावर तिला आवरणे हे मात्र गाडीतच उभ्या असलेल्या ब्रेकमनचे काम, आणि कुठे किती दांडा ओढावयाचा हे त्याच्याच अंदाजावर. चित्रपटधंद्यात बुडून आइल्स १९३८ साली दिवाळखोर झाला. त्यापुढील मालकांची वंशावळ कंटाळवाणी आहे.

बिनसनदी लॉर्डाच्या जागेवरील या लाकडी सांगाड्याला २००२ साली खरी सरकारी सनद मिळाली, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीत तो दाखल झाला. आणि पुढच्या वर्षी उद्यान बंद करण्याचा मालकपक्षाचा मनसुबा उघड झाला तेव्हा, पाळणे उचलून नेता येत असले तरी रेल्वेला हात लावता येत नव्हता, या एकाच मुद्द्यावर गावकऱ्यांचा लढा तगला. एप्रिल २००८ च्या आगीत तिचा सुमारे चतुर्थांश जळाला. मार्गेट ज्यात मोडते त्या थॅनेटच्या जिल्हा कौन्सिलने सक्तीच्या भूसंपादनाचा हुकूम काढून, कोर्टकचेऱ्या निस्तरून, २०१३ मध्ये कबजा घेतला; जून २०१५ मध्ये उद्यान आणि ऑक्टोबरात रेल्वे सुरू झाली. नव्या लाकडाची रेल्वे ही जुनी कशी, असे काहींना वाटेल. हा आक्षेप मला निरर्थक वाटतो, कारण अशा रेल्वेचे लाकूड प्रारंभापासून बदलतच आलेले असते. चालविण्याचा खर्च हे दुखणे निराळे. उद्घाटनाला वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मे २०१६ मध्ये, उद्यान चालविणारी कंपनी कर्जापायी प्रशासकांच्या स्वाधीन झाली.